बारामुखी यांचा अर्ज

विषय : पदाला काम नसल्यामुळे अन्य संचात बदली मिळणेबाबत.

अर्जदार : बारामुखी फासा, संच क्रमांक ४१७, सार्वजनिक वाचनालय (मागची खोली), करडेपूर.

वरील विषयी वासंती खांबेटे यांना जिल्हा फासे आस्थापना कार्यालयाकडून असे कळवण्यात आले की, आपल्या संचातील बारामुखी फाशाने स्वाक्षरीनिशी बदलीचा अर्ज केला असून त्यावर पंधरा दिवसांत अभिप्राय द्यावा; निरीक्षक येत्या रविवारी तपासणीला येतील. पत्र मंगळवारी टपालाने आले. वासंतीताईंनी ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले, मग डाव्या कोपऱ्यात भोक पाडून फायलीला लावले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या बाईला वाईट बातमीचे काय करायचे ते ठाऊक असते. आधी ती फायलीला लावायची, रडायचे असेल तर नंतर रडायचे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे जुन्या मासिकांना पुठ्ठे चढवतात, तिथे दर रविवारी दुपारी तीन वाजता एक खेळ चालतो. खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून सांगायची एक गोष्ट. वासंतीताई सूत्रधार. त्या म्हणणार, तुमच्यापुढे खोल दरी आहे. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने म्हणणार, आम्ही उडी मारतो. उडी साधली की नाही हे मात्र माणसांनी ठरवायचे नसते, कारण माणसे आपल्या सोयीने ठरवतात असा सर्वत्र अनुभव आहे. ते फासे ठरवतात. त्यासाठी मान्यताप्राप्त संचात सात फासे असतात. चौमुखी, सहामुखी, आठमुखी, दहामुखी बंधू दोघे, बारामुखी आणि वीसमुखी. रुद्राक्षासारखेच त्यांनाही मुखांवरून ओळखतात. फरक इतकाच की रुद्राक्षात एकमुखीचा मान मोठा, आणि फाशांत जितकी मुखे जास्त तितका रुबाब जास्त.

त्यामुळे सगळा कारभार वीसमुखीच्या हाती. वार लागला की नाही ते तो सांगतो. लागला असेल तर किती लागला, हे हत्यार पाहून खालचे लोक सांगतात. कट्यार असेल तर चौमुखी, तलवार असेल तर आठमुखी, परशू असेल तर बारामुखी. आता परशू चालवणारे एकच होते, शिंत्रे गुरुजी. त्यांची तीन वर्षांपूर्वी गडचिरोलीला बदली झाली आणि जाताना ते आपले पात्र परशूसकट घेऊन गेले. तेव्हापासून बारामुखी बसून.

नियम नऊप्रमाणे, ज्या पदाला सलग तीन वर्षे काम नाही त्या पदावरील फाशाला बदली मागता येते. नियम दहाप्रमाणे, सातांतला एक जरी गेला तरी संच अपुरा ठरतो आणि अपुऱ्या संचावर गोष्ट सांगता येत नाही. नवा फासा मागवला तर यायला दीड वर्ष लागते. शेजारच्या तालुक्यातले एक टेबल गेल्या पावसाळ्यापासून चौमुखीची वाट पाहत बसले आहे आणि एका कट्यारीपायी तिथली सगळी गोष्ट बंद आहे.

वासंतीताईंनी दीड वर्षही कसेबसे काढले असते. पण नाना भोगटे महिनाअखेरीस कायमचे हैदराबादला मुलाकडे जाणार होते.

नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. वय शहात्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र अजून शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. शिंत्रे गुरुजी गेले त्याच महिन्यात नाना टेबलावर आले आणि गुरुजींच्याच खुर्चीत बसले. त्यांचे पात्र वज्रबाहू नावाचा योद्धा. उंची सात फूट, मिशा कानापर्यंत, हातात वडिलोपार्जित तलवार. या वज्रबाहूचा तीन वर्षांत एकही वार कुणाला लागला नव्हता. दरोडेखोर, वेताळ, एकदा तर बांधून ठेवलेला रानडुक्कर, सगळे त्याच्या तलवारीखालून धडधाकट निघून गेले. शकील मुजावर हा टेलर, तो टेबलावर धनुर्धर आहे. तो म्हणायचा, ‘‘नाना, वज्रबाहूला तलवारीऐवजी हातपंखा द्या. निदान शत्रूला गार तरी वाटेल.’’ नाना हसायचे. फासा पुन्हा मुठीत घ्यायचे, त्यावर फुंकर मारायचे, तोंडाने टण टण अशी डबल घंटी द्यायचे आणि टाकायचे. मग आकडा स्वतःच वाकून बघून खणखणीत आवाजात पुकारायचे. ‘‘नऊ!’’

नवाला काही होत नसे. वासंतीताईंनी पहिल्याच वर्षी परिपत्रक काढले होते की सर्व शत्रूंचे कवच सरसकट तेरा राहील. वीसमुखीवर तेरा किंवा अधिक पडले की वार लागला, कमी पडले की चुकला. शत्रू राक्षस असो की घुबड, तेरा. त्यामुळे कागद वाचतो आणि कुरबूर होत नाही. शकीलला दर रविवारी तीन-चारदा तेराच्या वर पडायचे. नानांना कधी चार, कधी अकरा, एकदा गणेश चतुर्थीच्या आसपास बारा पडले होते, तेव्हा सगळ्या टेबलाने श्वास रोखला होता आणि मग सोडला होता.

गेल्या रविवारी निघताना नाना दारात थांबून म्हणाले होते, ‘‘वासंतीबाई, मला काही मोठं नको. जायच्या आधी एक. एक तरी लागू दे.’’

आणि आता मंगळवारी हे पत्र.

ताईंनी कपाटातून सुपारीची जुनी पितळी डबी काढली. संच तिच्यात राहतो. बारामुखीला बाहेर काढून त्यांनी समोर रुमालावर ठेवले आणि काय त्रास आहे ते विचारले.

‘‘त्रास असा नाही ताई,’’ बारामुखी म्हणाला. ‘‘पदाचं काम नाही, इतकंच.’’

‘‘डबीत कुणी काही बोललं का?’’

‘‘वीसमुखीसाहेब कुणाशी बोलतच नाहीत. चौमुखी टोचतो, पण तो सगळ्यांनाच टोचतो. त्याचा स्वभाव आहे.’’

‘‘मग महिनाभर कळ काढा. नाना जाईपर्यंत.’’

‘‘नाना जायच्या आधीच गेलेलं बरं, ताई,’’ बारामुखी म्हणाला.

ताईंना हे लागले. नानांचा याने काय असा द्वेष करावा, ते त्यांना कळेना. त्यांनी त्याला पुन्हा डबीत ठेवले, पण नेहमीपेक्षा जरा जोरात.

शुक्रवारी शकीलच्या दुकानात तातडीची बैठक झाली. नानांना मुद्दाम बोलावले नव्हते. म्हाताऱ्या माणसाला शेवटच्या महिन्यात काळजी कशाला. शकील काज करत होता. चैताली गवारे, तालुक्याची जनावरांची डॉक्टर, एका म्हशीकडून परस्पर आली होती. टेबलावर ती वैद्यबाई असते आणि तिने अहिंसेचे व्रत घेतले आहे. ताईंनी परिस्थिती मांडली. काम नाही म्हणून फासा जाऊ म्हणतो, तर उपाय एकच, काम निर्माण करायचे. रविवारी निरीक्षक येतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात परशू हवा.

शकील म्हणाला की धनुर्धराच्या हातात परशू म्हणजे टेलराच्या हातात फावडे, पण चालेल. चैतालीने व्रताचा प्रश्न काढला. त्यावर चर्चा होऊन असे ठरले की वैद्यबाईने आधी शत्रूची क्षमा मागावी आणि मग परशू हाणावा.

पण डबी लहान असते आणि तिच्यात गोष्ट लपत नाही. रविवारी पावणेतीनला ताईंनी झाकण उघडले तेव्हा चार निवेदने तयार होती. आठमुखीचे म्हणणे, तलवारी म्यान झाल्या तर मी काय हरी हरी करू? दहामुखी बंधू नेहमीप्रमाणे जोडीने आले होते. त्यांच्यातला थोरला दहांच्या पटीत बोलतो आणि धाकटा सुटे बोलतो, त्यामुळे दोघांचे मिळून एक वाक्य होते. त्यांनी शंभर टक्के निषेध नोंदवला. सहामुखीने मात्र आपली हरकत नसल्याचे लिहून दिले, कारण त्याचा बाहेर लुडोचा खासगी व्यवसाय जोरात चालतो, हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. चौथे निवेदन चौमुखीचे. तो काही लिहून थांबला नाही. तो मुळात गडगडणाऱ्यांपैकी नाही. टाकला की बसतो, आणि बसला की टोक वर. तो जाऊन खोलीच्या उंबरठ्यावर धरणे धरून बसला. चपला बाहेर काढून आत येणाऱ्या शकीलचा पाय त्याच्यावर पडला आणि आंदोलनाची पहिली दखल घेतली गेली.

शकील एका पायावर नाचत असतानाच फासे निरीक्षक कोळसे आले. त्यांनी चौमुखीला ओलांडताना नमस्कार केला. आंदोलकाशी सौजन्याने वागावे असा त्यांच्या कार्यालयाचा दंडक होता. कोळसे बारीक अंगाचे, शांत गृहस्थ. तपासणीच्या दिवशी ते पाण्याशिवाय काही घेत नसत आणि कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नसत. प्रत्येक फेक ते स्वतः पाहून स्वतःच्या वहीत लिहीत. कोपऱ्यातली खुर्ची नानांच्या उजव्या हाताला ओढून ते बसले आणि म्हणाले, ‘‘चालू द्या. मी नाहीच असं समजा.’’

ताईंनी सुरुवात केली. अकरा वर्षे ही मंडळी ज्या किल्ल्याकडे चालत होती, तो किल्ला आता समोर होता. मध्ये एक अरुंद पूल होता आणि पुलावर काळभुजंग नावाचा राक्षस उभा होता. कवच तेरा. मंडळींनी परशू उपसले. नानांना कुणी कारण सांगितले नव्हते, तरी सगळे परशू घेतात म्हटल्यावर त्यांनीही वडिलोपार्जित तलवार पाठीला बांधली आणि परशू घेतला. एसटीत असताना संप कशासाठी आहे हे विचारायची त्यांना सवय नव्हती.

खोलीला मग भलताच चेव चढला. शकीलला वीसमुखीवर सतरा पडले. तीन वर्षांत पहिल्यांदा बारामुखी आपल्या पदाच्या कामासाठी टेबलावर आला आणि गिरक्या घेत घेत दहावर थांबला. चैतालीच्या वैद्यबाईने काळभुजंगाला वाकून नमस्कार केला, झाल्यागेल्याची क्षमा मागितली, त्याच्या आईची चौकशी केली आणि गुडघ्यावर परशू हाणला. चौदा. बारामुखीने आठ दिले. काळभुजंग गरजला. हे काम ताईंचे असल्याने त्या गरजल्या, आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या वर्गणीदारांनी पाने उलटायची थांबवली. दहामुखी बंधू निषेध विसरून काठावर येऊन बघू लागले. चौमुखीने धरण्याची जागा उंबरठ्यावरून टेबलाच्या कडेला हलवली, कारण तिथून नीट दिसत होते.

नाना दर फेरीत फुंकर मारत होते, घंटी देत होते, पुकारत होते. ‘‘सात!’’ ‘‘दोन!’’ ‘‘दहा!’’ वज्रबाहूचा परशू पुलाच्या कठड्याला लागला, हवेला लागला, एकदा शकीलच्या धनुर्धराला लागता लागता राहिला.

‘‘नाचता येईना अंगण वाकडं,’’ शकील म्हणाला. ‘‘नाना, काळभुजंगाला हैदराबादला घेऊन जा. सवडीनं मारा.’’

नाना या वेळी हसले नाहीत. त्यांनी फासा मुठीत घट्ट धरला आणि पुढच्या फेरीची वाट पाहत बसले.

तेव्हा कोळसे यांनी पेन खाली ठेवले. आपण नाही असे समजा, हे त्यांनी मागे घेतले. त्यांनी ताईंच्या नोंदवहीत पाहिले, मग आपल्या वहीत पाहिले. ताईंच्या हिशेबाने आज वीसमुखीच्या सोळा फेकी झाल्या होत्या. त्यांच्या हिशेबाने बाराच.

‘‘नाना, तुमच्या मुठीत कोण आहे?’’ कोळसे यांनी विचारले.

‘‘वीसमुखी,’’ नाना म्हणाले. ‘‘पहिल्या दिवसापासून माझ्या जागेवर हाच असतो.’’

‘‘मुखं मोजा.’’

नानांनी डोळे मिटले. तिकिटांचा गठ्ठा मोजावा तसा अंगठा फिरवत, ओठ हलवत ते मोजू लागले. एकदा मोजले. पुन्हा मोजले. कंडक्टर दोनदा मोजतो. मग डोळे न उघडताच म्हणाले, ‘‘बारा.’’

शिंत्रे गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या जागेवर बारामुखी पडलेला होता. नाना त्या खुर्चीत बसले, हाताशी गोलसर जे आले ते उचलले, आणि तीन वर्षे उचलत राहिले. आजही घाव मोजून झाला की बारामुखी गडगडत आपल्या त्याच जागी, नानांच्या हाताशी, परतत होता. कुणाच्या लक्षात आले नाही, कारण फाशाकडे कुणी बघतच नव्हते. नाना आकडा पुकारायचे, आणि कंडक्टरने पुकारलेला थांबा खरा आहे की नाही हे खिडकीतून बघायची पद्धत करडेपुरात नाही.

‘‘म्हणजे,’’ नाना हळूच म्हणाले, ‘‘तीन वर्षं मी थांबाच नाही तिथं घंटी मारत होतो.’’

ताईंना आपले परिपत्रक आठवले. सरसकट तेरा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांच्या एका सोयीच्या कागदाने एक सात फुटी योद्धा दीडशे रविवार हवेत तलवार फिरवत ठेवला होता. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

कोळसे यांनी तिथेच सुनावणी घेतली. बारामुखीला रुमालावर बसवण्यात आले. काम नसल्याचा अर्ज करताना हे काम का लपवले, असे त्याला विचारण्यात आले.

‘‘लपवलं नाही साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या पदाचं काम नव्हतं, ते खरं लिहिलं. दुसऱ्याच्या पदाचं होतं. त्याला अर्जात रकाना नव्हता.’’

‘‘मग तोंडी सांगायचं. वासंतीबाईंनी विचारलं असेलच.’’

‘‘काय सांगू? तीन वर्षं हा माणूस मला फुंकर मारतोय. एवढ्या मायेनं कुणी मला उचललं नव्हतं. गुरुजी तर आपटायचे. पण माझ्यात बाराच आहेत. मी जीव काढला तरी बाराच. म्हटलं, मी गेलो तर त्यांच्या हाताला वीसमुखीसाहेब येतील आणि एक तरी लागेल. नियम दहा माझ्या लक्षातच आला नाही.’’

ताईंनी मंगळवारी त्याला डबीत जोरात ठेवले होते, ते आठवून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

वीसमुखीला खुलासा विचारण्यात आला. तीन वर्षे आपले काम दुसरा करत असताना आपण कुठे होतात? वीसमुखीने सांगितले की तो पूर्णवेळ टेबलावर हजर होता, त्याला कुणी बोलावले नाही, आणि न बोलावता काम करणे त्याच्या पदाला शोभत नाही. खुलासा समाधानकारक मानण्यात आला. वरिष्ठांचा मानतात.

मग कोळसे यांनी निर्णय सांगितला. बदलीचा अर्ज नामंजूर, कारण अर्जदाराला काम नाही हे खरे नसून एकाऐवजी दोन पदांचे काम आहे. उलट, वरच्या पदाचा भार सलग तीन वर्षे सांभाळल्यामुळे त्या पदावर कायम होण्यासाठी तो अर्ज करू शकतो. अडचण एवढीच की पात्रतेला आठ मुखे कमी पडतात.

सगळ्यांनी आठमुखीकडे पाहिले.

‘‘माझ्याकडे बघू नका,’’ आठमुखी म्हणाला.

बारामुखीने अर्ज केला. ताईंनी लिहून घेतला, त्याने त्यावर एक गिरकी घेऊन स्वाक्षरी केली, कोळसे यांनी आवक क्रमांक टाकला. आता वज्रबाहूची पाळी होती. शकीलने वीसमुखीला दोन बोटांत धरून अदबीने नानांपुढे केले. तो आज पहिल्यांदाच नानांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हता.

‘‘तसं करता येणार नाही,’’ कोळसे म्हणाले. ‘‘अर्ज दाखल झाला. निकाल लागेपर्यंत जैसे थे. नानांच्या जागेवर वीसमुखीचा अतिरिक्त कार्यभार बारामुखीकडेच राहील.’’

‘‘निकाल कधी लागेल?’’ चैतालीने विचारले.

कोळसे यांनी तिच्याकडे दयेने पाहिले.

याचा अर्थ सगळ्यांना कळला. नानांच्या उरलेल्या रविवारी नानांच्या हातात बाराच राहणार. नानांनी तो फासा तळहातावर घेतला, चष्मा काढून अगदी नाकाजवळ नेला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. म्हणाले, ‘‘असू दे. ओळख आहे आमची.’’

वासंतीताई उठल्या. परिपत्रक फिरवून कवच बारा करणे त्यांच्या हातात होते, पण निरीक्षकांसमोर, चालू लढाईत, एका माणसासाठी परिपत्रक फिरवणे त्यांच्याच्याने झाले नसते. जन्मात झाले नव्हते. त्यांना दुसरेच काही आठवत होते. पाटबंधारे खात्यात एकदा उपअभियंत्यांकडे कार्यकारी अभियंत्यांचा अतिरिक्त कार्यभार होता. दोन वर्षे ते स्वतःच स्वतःला पत्रे लिहीत आणि स्वतःच उत्तरे देत. त्यांतले एक उत्तर तर बरेच कडक होते.

‘‘कोळसेसाहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘दोन पदांचा कार्यभार एकाकडे असला तर कागदावर सह्या किती?’’

‘‘दोन,’’ कोळसे म्हणाले. ‘‘एक मूळ पदाची. एक अतिरिक्त.’’

‘‘आणि एकच केली तर?’’

‘‘कागद अपुरा.’’

‘‘मग आजवर याचा एकच आकडा का धरला जातो?’’

त्यांनी नानांच्या हातातून फासा घेऊन टेबलावर टाकला. वर पाच पडले. त्यांनी तो तसाच सरळ उचलला आणि खालचे मुख कोळसे यांना दाखवले. खाली आठ होते. कोळसे यांनी ओठांत बेरीज केली. मग त्यांनी स्वतः फासा टाकला. वर दोन, खाली अकरा. पुन्हा टाकला. वर नऊ, खाली चार. त्यांनी नियमांचे पुस्तक काढले, मागचे परिशिष्टही पाहिले. खालच्या मुखाविरुद्ध कुठेच काही नव्हते.

‘‘तुला हे माहीत होतं?’’ शकीलने बारामुखीला विचारले.

‘‘खालचं आजवर कुणी विचारलं नव्हतं,’’ बारामुखी म्हणाला.

‘‘म्हणजे नानांचा वार आता कधी चुकणारच नाही?’’

‘‘दोन्ही सह्या एकाच्या असल्या की सहसा चुकत नाही,’’ कोळसे म्हणाले, आणि त्यांनी तशी नोंद घेतली. अंमल आजपासून, पूर्वलक्षी प्रभाव नाही.

नानांनी चष्मा पुन्हा चढवला. खुर्ची मागे सारून ते उभे राहिले, जणू गाडी घाटात होती आणि तोल सांभाळायचा होता. फुंकर मारली. टण टण. या वेळी घंटी सगळ्या टेबलाने दिली, चैतालीने वहीवर पेन आपटून, शकीलने दुखऱ्या पायाने, आणि पुढच्या खोलीतून कुण्या वर्गणीदारानेही. बारामुखी नानांच्या हातातून सुटला, नोंदवहीला टेकून वळला, वीसमुखीसाहेबांना घासून गेला आणि टेबलाच्या मधोमध थांबला.

‘‘वर सात!’’ नाना पुकारले. मग त्यांनी तो तसाच सरळ उचलला. ‘‘खाली सहा!’’

तेरा. वार लागला.

आता किती लागला हे पाहायचे होते. परशू असल्याने तेही बारामुखीकडेच. पण हे त्याच्या मूळ पदाचे काम, त्याला एकच सही, वरचीच धरायची. नानांनी पुन्हा टाकला. बारामुखी गडगडला, डगमगला आणि बसला.

‘‘एक,’’ नाना म्हणाले. हे त्यांनी पुकारले नाही. नुसते सांगितले.

सगळे वासंतीताईंकडे पाहू लागले. काळभुजंगाचा जीव किती उरला आहे हे फक्त त्यांच्या नोंदवहीत होते. ताईंनी वही उघडली, त्या पानावर हात ठेवला आणि आकड्यावरचा हात न काढताच वही मिटली. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि अकरा वर्षांच्या गोष्टीत त्यांनी न वाचता सांगितलेली ती एकच नोंद.

‘‘एकच उरला होता,’’ त्या म्हणाल्या.

मग पुलावर काळभुजंग कोसळला. तो कसा कोसळला हे ताईंनी वीस मिनिटे सांगितले. दरी हादरली, किल्ल्यावरचे कावळे उडाले, वज्रबाहूने मिशीवरून हात फिरवला. कोळसे यांनी काही विचारले नाही. राक्षसांची नोंदवही त्यांच्या कार्यालयाच्या कक्षेत येत नव्हती. ते वही बंद करून निघाले आणि जाताना त्यांनी नियम मोडून चिवड्याचे चार दाणे तोंडात टाकले.

नाना महिनाअखेरीस हैदराबादला गेले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्याचे पत्र आले आहे. त्यात त्यांनी लिहिले आहे की आता सगळे स्वच्छ दिसते, पण बघण्यासारखे त्या सोसायटीत फार नाही. बारामुखी कसा आहे, असे शेवटी विचारले आहे.

बारामुखी दोन्ही पदांचे काम पाहतो आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. नानांची खुर्ची रिकामी ठेवलेली आहे. ज्याला त्या रविवारी काहीच लागत नाही, त्याने एका फेकीपुरते तिथे जाऊन बसावे असे परिपत्रक ताईंनी काढले आहे. आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळा शकील बसला आहे.

आठ मुखांच्या पूर्ततेबाबत आठमुखी यांचे ना-हरकत पत्र मागवण्यात आले होते. चारपर्यंत विचार करता येईल, त्यापुढे नाही, असे त्यांनी कळवले आहे. उरलेल्या चारांसाठी चौमुखी यांना पत्र गेले असून ते पत्र मिळताच ते पुन्हा उंबरठ्यावर जाऊन बसले आहेत. अर्ज प्रलंबित आहे.